वर्गमित्राला जीवशास्त्र शिकवताना

"मायोसिस समजव ना जरा, परवा आयएसए आहे." कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेआधी अशी मागणी आली की शिकवणारा बहुधा लगेच आपली वही उघडतो आणि जननपेशी बनवणाऱ्या या विभाजनाच्या पहिल्या टप्प्यापासून, लेप्टोटीनपासून, सुरुवात करतो. अर्ध्या तासाने समोरचा मान डोलावतो, थँक्यू म्हणतो आणि परीक्षेत तीच चूक पुन्हा करतो. त्याच्या डोक्यात काही शिरत नाही असे नसते. त्याचे नेमके काय चुकते हे त्या अर्ध्या तासात कुणी बघितलेलेच नसते.

चूक जिथे दिसते तिथे ती बहुधा झालेली नसते. दोन-तीन पायऱ्या आधीच कुठेतरी पाय घसरलेला असतो. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाची ती पायरी शोधणे प्राध्यापकांना शक्य नसते. कॅन्टीनमागच्या टेबलावर तिघाचौघांना घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला ते शक्य असते, आणि माझ्या मते त्याचे खरे काम एवढेच आहे. बी.एस्सी.च्या जीवशास्त्र विषयांत हे काम कसे करावे, मुले कुठे अडतात आणि का अडतात, ते इथे लिहिते आहे.

मायोसिसपासूनच सुरू करू. समजावण्याआधी कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवा आणि सांगा, "दोन एन बरोबर चार असलेली पेशी काढ. मेटाफेज वन." म्हणजे चार गुणसूत्रांची पेशी, पहिल्या विभाजनात गुणसूत्रे मध्यावर आली तेव्हाची. मग गप्प बसा. चित्र पुरे होईपर्यंत एक शब्दही बोलू नका. चार गुणसूत्रे एकाखाली एक, एका रांगेत आली तर ते मायटोसिसचे, म्हणजे साध्या पेशीविभाजनाचे, चित्र आहे आणि जोड्या जुळतात ही गोष्टच हुकली आहे. जोड्या आल्या, पण प्रत्येक गुणसूत्र म्हणजे एकच दांडी असेल, तर विभाजनाआधीच्या एस-फेजमध्ये डीएनए दुप्पट झाला हे निसटले आहे. जोड्या आहेत, दुहेरी दांड्याही आहेत, पण सगळे एकाच रंगात, तर "आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले तुझे कुठले?" असे विचारा. तिथे गोंधळ उडाला तर होमोलॉगस जोडी (आईकडचे आणि वडिलांकडचे जुळणारे गुणसूत्र) आणि सिस्टर क्रोमॅटिड (एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती) यांतला फरक कळलेला नाही. चित्र बिनचूक आले तर मायोसिसची अडचणच नाही. अडले असेल ते क्रॉसिंग ओव्हरमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या अदलाबदलीत, किंवा नॉनडिसजंक्शनमध्ये, म्हणजे गुणसूत्रे वेगळी न होण्यात, आणि तासभर वाचला.

गडबड पहिल्या तिन्हींपैकी कुठलीही असो, एकच साधन पुरते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात लोकर आणि टिचबटणे मिळतात. लाल लोकर आईची, निळी वडिलांची. दहा सेंटिमीटरचे दोन लाल आणि दोन निळे तुकडे, पाच सेंटिमीटरचेही तसेच, असे एकूण आठ तुकडे कापा. एकाच रंगाच्या आणि लांबीच्या दोन तुकड्यांपैकी एकाच्या मध्यावर टिचबटणाचा एक अर्धा भाग शिवा, दुसऱ्याच्या मध्यावर दुसरा. बटण दाबले की दोन सिस्टर क्रोमॅटिड एकत्र आले. बटण म्हणजे सेंट्रोमियर.

आता नियम दोनच. पहिला: गुणसूत्रे मोजायची म्हणजे बटणे मोजायची. बंद बटण एक, आणि उघडल्यावर प्रत्येक अर्धा भाग एक. दुसरा: ॲनाफेज वनमध्ये, म्हणजे पहिल्या विभाजनात गुणसूत्रे दोन टोकांना जाताना, एकही बटण उघडायचे नाही, दुसऱ्या विभाजनातल्या ॲनाफेज टूमध्ये सगळी उघडायची. एवढे सांगून लोकर समोरच्याच्या हातात द्या आणि प्रत्येक पायरीला आकडे लिहायला लावा. सुरुवातीला ४ बटणे, ८ सूत्रे. पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत २ बटणे, ४ सूत्रे. दुसऱ्यानंतर प्रत्येक पेशीत २ अर्धी बटणे, २ सूत्रे. मग तेच माणसासाठी: ४६ गुणसूत्रे आणि ९२ क्रोमॅटिड, नंतर २३ आणि ४६, शेवटी २३ गुणसूत्रे, एकेरी. डीएनएचे प्रमाण वेगळ्या ओळीत लिहायला लावा (सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका एकेरी संचातला डीएनए): दोन सी, एस-फेजनंतर चार सी, मग दोन सी, मग एक सी. या दोन ओळी एकाखाली एक आल्या की नेहमीचा प्रश्न आपोआप सुटतो. गुणसूत्रांची संख्या पहिल्या विभाजनात निम्मी होते, डीएनए मात्र दोन्ही विभाजनांत निम्मा होतो. "एस-फेजनंतर माणसाच्या पेशीत ९२ गुणसूत्रे" हे उत्तर इतके सर्रास येते, त्याचे कारण मुले बटणांऐवजी सूत्रे मोजतात.

क्रॉसिंग ओव्हरसाठी एक लाल आणि एक निळे सूत्र टोकाकडे कात्रीने कापा, टोके अदलाबदल करून गाठ मारा. मग विचारा, "आता या दोन सिस्टर क्रोमॅटिड एकसारख्या आहेत का?" पाठ केलेला विद्यार्थी "हो, सिस्टर आहेत ना" म्हणतो. समजलेला लोकरीकडे बघतो. याच बैठकीत २३ जोड्या स्वतंत्रपणे वळल्या तर किती प्रकारची जननपेशी होऊ शकते तेही काढून घ्या: दोनचा तेविसावा घात, म्हणजे ८३,८८,६०८, आणि यात क्रॉसिंग ओव्हर धरलेलेच नाही.

भाषेबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण गोव्यात हा प्रश्न खास आपला आहे. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या भागांतली कितीतरी मुले चौथीपर्यंत मराठीत शिकलेली असतात आणि पाचवीपासून इंग्रजीत. घरी कोंकणी, देवळात मराठी, जर्नलमध्ये इंग्रजी. अशा मुलाला विषय कळत नाही असे वाटते, तेव्हा पुष्कळदा त्याला वाक्य कळलेले नसते. त्यामुळे आधी त्याला ज्या भाषेत सहज बोलता येते त्या भाषेत बोलू द्या. मायटोकॉन्ड्रियाला मायटोकॉन्ड्रियाच म्हणा, पण क्रियापदे घरची ठेवा: चिकटते, सुटते, आत ओढते, बाहेर टाकते. प्रक्रिया तोंडी नीट आली की मगच तेच इंग्रजी वाक्यात लिहून घ्या, आणि वाक्य त्याने स्वतः रचलेले असावे. उलट क्रमाने गेलात तर घोकलेले वाक्य हाती राहते आणि प्रश्न थोडा फिरवून आला की संपले.

शब्दांची फोड करून दाखवणे इथे फार उपयोगी पडते. ग्रीकमध्ये मिटॉस म्हणजे सूत्र, धागा. म्हणून मायटोसिसला आपल्या पाठ्यपुस्तकात सूत्री विभाजन म्हटले आहे. मायोसिसच्या मुळाशी कमी होणे आहे, म्हणून अर्धगुणसूत्री. क्रोमा म्हणजे रंग आणि सोमा म्हणजे शरीर. रंग धरणारे शरीर ते क्रोमोसोम. सेंट्रोमियर, सेंट्रोसोम आणि सेंट्रिओल हे तिघे दरवर्षी एकमेकांत मिसळतात. मेरॉस म्हणजे भाग: सेंट्रोमियर हा गुणसूत्राचाच एक भाग. सेंट्रोसोम हे गुणसूत्राबाहेरचे, पेशीतले वेगळे शरीर. सेंट्रिओल हे सेंट्रोसोमच्या आतल्या दोन नळकांड्यांपैकी एक. हे एकदा कागदावर काढले की पाठ करायला काही उरत नाही. मराठी प्रतिशब्दांची लाज वाटून घेऊ नका. समजात हा शब्द ऐकला की "एकाच जातीची जोडी" हे चटकन मनात येते, होमोलॉगस ऐकून ते येत नाही.

वनस्पतिशास्त्रात फळांचे प्रकार शिकवायचे असतील तर चवथीच्या दिवसांइतका चांगला काळ नाही. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, जे बांधतात त्यातल्या पाच-सहा वस्तू आणि एक सुरी एवढे पुरे. फोटो दाखवू नका, फळ कापा. बहुतेकांची पहिली चुकलेली पायरी अशी असते की ते फळ ओळखायला चवीकडे किंवा इंग्रजी नावाकडे बघतात. बघायचे असते अंडाशयाकडे. चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे: फळ एका फुलापासून झाले की पूर्ण फुलोऱ्यापासून? एकाच फुलापासून असेल तर अंडाशय एक की अनेक सुटे? अंडाशय वरचे की खालचे? आणि भित्तीचे थर कसे आहेत?

तवसे, म्हणजे काकडी, घ्या. मादी फुलाच्या खाली इवलेसे तवसे आधीपासून दिसते आणि फूल त्याच्या डोक्यावर असते. अंडाशय खालचे, साल जाड; अशा फळाला पेपो म्हणतात. पेरूच्या टोकावर निदलांचे वाळके अवशेष असतात, तीच खूण. तोरिंजन हे लिंबाच्या जातीचे फळ कापले की फोडी आणि आतले रसाचे केस दिसतात, ते हेस्पेरिडियम. केळे बेरी आहे, हे ऐकून सगळे चमकतात. अंबाड्याच्या बाठीवरून अष्ठीफळ लगेच कळते. नारळही अष्ठीफळच: सोडण म्हणजे मधला थर, करवंटी म्हणजे आतला कठीण थर, खोबरे आणि पाणी दोन्ही एंडोस्पर्म, म्हणजे बीमधला अन्नसाठा. यातले शेवटचे परीक्षेत हमखास चुकते. खोबऱ्याला फळाचा गर म्हणून लिहितात, ते बीच्या आतले असते. सुपारी आडवी कापली की ज्या तपकिरी रेघा दिसतात त्या बीजावरणाच्या आत शिरलेल्या घड्या, म्हणून तिच्या एंडोस्पर्मला रुमिनेट म्हणतात. माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, फळाला पाच पंख असतात. बीजप्रसार वाऱ्याने होतो हे हातात घेतल्याबरोबर समजते. फणस आणि अननस पूर्ण फुलोऱ्यापासून. आणि काजू तर आपल्या घरचाच: बी ज्यात असते ते खरे फळ, आणि बोंडू हा फुगलेला देठ. फळांचा राजा असला तरी आंबा इथे फारसे शिकवत नाही, काजू शिकवतो.

जाता जाता एक. ऑगस्टमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, ड्रोसेरा आणि युट्रिक्युलेरिया ही कीटकभक्षी झाडे उगवतात. बरोबर नेलेत तर विचारा, ही झाडे किडे कशासाठी धरतात? "ऊर्जेसाठी" हे उत्तर चुकीचे. हिरवी आहेत, साखर स्वतःच बनवतात. जांभ्यावरच्या धुऊन गेलेल्या मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत नाही, तो किड्यांतून घेतात. उपटू मात्र नका, गुडघे टेकून बघा.

आता आकडेमोड. जेनेटिक्समध्ये मुले काय-स्क्वेअरला, म्हणजे मोजलेल्या आणि अपेक्षित संख्यांची तुलना करणाऱ्या चाचणीला, घाबरतात, पण गणित चुकते ते बेरजेत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अपेक्षित संख्याच चुकीच्या मांडलेल्या असतात. मेंडेलचे स्वतःचे वाटाण्याचे आकडे घ्या, सरावाला याहून चांगले नाहीत: गोल पिवळे ३१५, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले पिवळे १०१, सुरकुतलेले हिरवे ३२. एकूण ५५६. अपेक्षित गुणोत्तर ९:३:३:१, म्हणून याचे १६ भाग केले की एक भाग ३४.७५. म्हणून अपेक्षित ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५. इथे अपूर्णांक बघून मुले त्यांना पूर्णांकात बदलतात. बदलू नये, अपेक्षित संख्येला अपूर्णांक चालतो. प्रत्येक ठिकाणी फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित: ०.०१६, ०.१३५, ०.१०१, ०.२१८. बेरीज ०.४७०. बियांचे गट चार, म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम एकाने कमी, तीन, आणि ०.०५ पातळीवरची सीमा ७.८१५. आपला आकडा खूपच खाली आहे.

दोन चुका इथे हमखास होतात. एक, टक्केवारी काढून त्यावर काय-स्क्वेअर लावणे. वरच्याच आकड्यांची टक्केवारी केली तर उत्तर ०.०८५ येते, कारण ५५६ बियांचा पुरावा तुम्ही १०० बियांइतका करून टाकलात. नेहमी मोजलेल्या संख्याच घ्यायच्या. दोन, निष्कर्ष. "९:३:३:१ सिद्ध झाले" असे लिहिले की गुण जातात, आणि जायलाच हवेत. हे गुणोत्तर नाकारण्याजोगा पुरावा या आकड्यांत नाही, एवढेच म्हणता येते. हा फरक शब्दांचा नाही, विचाराचा आहे. तो दोनदा-तीनदा तोंडाने वदवून घ्या.

लिंकेज मॅपिंगला, म्हणजे गुणसूत्रावर जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत ते काढण्याला, आले की मुलांना एका गोव्याच्या माणसाची ओळख जरूर करून द्या. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली कोसबेन इथला. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सगळ्यांना ऐकून ठाऊक असते, पण गुणसूत्राच्या नकाशावरचे अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र आजही जगभर जेनेटिक्सच्या संगणकप्रणालींत "कोसंबी" या नावाने निवडता येते. त्याची गरज का पडली हे समजणे हाच या धड्याचा गाभा. दोन जनुकांमध्ये दोनदा क्रॉसिंग ओव्हर झाले तर टोकाची जनुके पुन्हा मूळच्या जोडीतच दिसतात. म्हणजे घटना दोन घडल्या आणि मोजणीत शून्य आल्या. त्यामुळे रिकॉम्बिनेशन, म्हणजे जनुकांच्या जोड्या बदललेल्या दिसण्याचे प्रमाण, ५० टक्क्यांवर कधी जात नाही आणि लांबची अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी भरतात. हाल्डेन या शास्त्रज्ञाचे सूत्र ही तूट भरून काढते, पण एक क्रॉसिंग ओव्हर शेजारच्याला आडकाठी करत नाही असे धरून. कोसंबींनी ती आडकाठी, म्हणजे इंटरफिअरन्स, हिशेबात घेतली. रिकॉम्बिनेशनचे प्रमाण "र" मानले तर (१ + २र) भागिले (१ − २र) याचा नैसर्गिक लॉग काढायचा आणि त्याला २५ ने गुणायचे. र ०.२० असेल तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२ सेंटिमॉर्गन (हे नकाशावरच्या अंतराचे एकक), हाल्डेनच्या सूत्राने सुमारे २५.५. कॅल्क्युलेटरवर हे उत्तर न येता ९.२ आले, तर समोरच्याने दहाच्या पायाचा लॉग दाबला आहे.

तीन जनुकांच्या गणितात आधी संततीचे सर्वांत कमी संख्येचे दोन गट शोधा, ते दुहेरी क्रॉसिंग ओव्हरचे. त्यांची मूळ जोडीशी तुलना केली की मधले जनुक कोणते ते कळते. हे न करता अंतरे काढायला घेतली की सगळे फसते. आणि दुहेरीवाल्यांची संख्या दोन्ही अंतरांत मिळवायची, एकात नाही.

हार्डी-वाइनबर्गमध्ये, म्हणजे लोकसंख्येतले जनुकांचे प्रमाण काढण्याच्या गणितात, चूक एकच. अप्रभावी जनुकामुळे १०,००० त एक बाळ रोगी असेल तर ०.०००१ ही क्यूची, म्हणजे त्या जनुकाच्या प्रमाणाची, किंमत नव्हे, क्यू-वर्गाची. वर्गमूळ काढा: ०.०१. पी म्हणजे उरलेले ०.९९. वाहक दोन पी-क्यू, म्हणजे ०.०१९८, साधारण ५० त एक.

प्रॅक्टिकलमध्ये पायरी मागे जाऊन शोधण्याला आणखी महत्त्व येते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली जे बिघडलेले दिसते ते दोन दिवस आधी बिघडलेले असते. कांद्याच्या मुळाची स्लाइड घ्या. काही न दिसणारा विद्यार्थी लेन्स फिरवत बसतो. त्याला लेन्सबद्दल विचारू नका, काय दिसते ते सांगायला लावा. लांबट, आयताकृती पेशी दिसत असतील तर मुळाचा वरचा भाग घेतला गेला आहे. विभाजन चालते ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये, तिथल्या पेशी चौकोनी असतात आणि केंद्रक पेशीभर पसरलेले. चौकोनी पेशी आहेत, पण एकावर एक गठ्ठा, तर पेशी सुट्या करणारी आम्लातली पायरी कमी पडली. पेशी अलग आहेत, पण गुणसूत्रांचा लगदा झालाय, तर तीच पायरी जास्त झाली. पेशी छान, गुणसूत्रे फिकट, तर रंग कमी. सगळे ठीक आणि तरीही सगळ्या पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजन सुरूच न झालेल्या, तर मुळे वाढतच नव्हती किंवा चुकीच्या वेळी तोडली.

म्हणून क्रम असा ठेवा. कांद्याची जुनी वाळलेली मुळे ब्लेडने खरवडून काढा, कांदा अशा तोंडाच्या पेल्यावर ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. पावसाळ्यात एक दिवस चुकला तरी बूड कुजते. दोन-तीन दिवसांत एक-दोन सेंटिमीटरची मुळे येतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तोडा आणि लगेच फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत थांबवणाऱ्या मिश्रणात, टाका: इथेनॉल तीन भाग, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड एक भाग. हे मिश्रण त्याच दिवशी करायचे, ठेवून दिले की दोघांची आपसात अभिक्रिया होऊन एस्टर बनते आणि फिक्सेशन कमजोर होते. चोवीस तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवा. वापरताना पाण्याने धुवा, ६० अंश सेल्सिअसच्या एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पाच ते आठ मिनिटे. हे आम्ल १०० मिलिलिटर करायला तीव्र आम्ल साधारण ८.३ मिलिलिटर लागते, आणि ते पाण्यात ओतायचे, पाणी त्यात कधीही नाही. पुन्हा धुवा, ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटो-ऑर्सिनमध्ये रंगवा. टोक गडद रंगले की तेवढेच कापून घ्या आणि बाकीचे मूळ स्लाइडवरून काढून टाका. ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा थेंब, कव्हरस्लिप, पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके ठोके, मग टिपकागदाच्या घडीत अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप तसूभर जरी सरकली तरी पेशी गुंडाळल्या जातात. कांद्यात दोन एन बरोबर १६; चांगल्या मेटाफेजमध्ये हे १६ मोजता येणे हीच स्लाइडची परीक्षा.

विरलनाच्या, म्हणजे नमुना पातळ करून जिवाणू मोजण्याच्या, प्रयोगात तर आकडे स्वतःच बोलतात. एक मिलिलिटर नमुना नऊ मिलिलिटर सलाइनमध्ये, म्हणजे दहापट. असे पाचदा केले की एक लाखपट. सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. समजा दह्याचा नमुना एक लाखपट पातळ केलेल्या नळीतून ०.१ मिलिलिटर पसरला आणि ६२ वसाहती आल्या. ६२ गुणिले एक लाख, भागिले ०.१: मिलिलिटरला ६ कोटी २० लाख. शेवटचा भागाकार विसरणारे अर्ध्याहून जास्त भेटतील. ते विसरू नये म्हणून "तू प्लेटवर किती टाकलेस?" हा प्रश्न गणिताच्या आधीच विचारून ठेवा. एका नळीने २८० वसाहती दिल्या तर पुढच्या दहापट पातळ नळीने २८ च्या आसपास द्यायला हव्यात. ११० आल्या तर पिपेटची टिप बदललेली नाही किंवा नळी नीट हलवली नाही. वसाहती एकमेकींत वाहून गेल्या असतील तर प्लेट ओली होती. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत हे नेहमीचेच. माध्यम घट्ट झाल्यावर झाकण किंचित उघडे ठेवून ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये वीस-तीस मिनिटे वाळवा आणि प्लेटा उलट्या ठेवा.

ग्रॅम स्टेनबद्दल, म्हणजे रंग देऊन जिवाणूंचे दोन गट ओळखण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात: क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, ९५ टक्के अल्कोहोल दहा ते वीस सेकंद, सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. बिघडते ते अल्कोहोलपाशी, किंवा त्याही आधी स्लाइडवरच्या जिवाणूंच्या जाड थरापाशी, स्मिअरपाशी. वाढ चोवीस तासांहून जुनी असेल तर पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळे राहायला हवेत ते, जिवाणूही गुलाबी दिसतात.

एका ग्लुकोजमागे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, किती, यावरून वाद होतो. एका पुस्तकात ३८, दुसऱ्यात ३२. मोजून दाखवा: ज्यांच्यापासून पुढे एटीपी बनते ते दहा एनएडीएच आणि दोन एफएडीएच२. जुन्या हिशेबात त्यांना ३ आणि २ धरत, नव्यात २.५ आणि १.५. म्हणजे २५ अधिक ३, अधिक थेट मिळालेले ४, एकूण ३२. ग्लायकोलिसिस या पहिल्या टप्प्यातले दोन एनएडीएच ग्लिसरॉल फॉस्फेटच्या मार्गाने आत गेले तर ३०. तुमचे प्राध्यापक कोणता हिशेब मानतात ते विचारून घ्या, पण दोन्ही काढता आले पाहिजेत.

वॉटर पोटेन्शियल म्हणजे पाणी कुठे वाहील ते ठरवणारी किंमत; पाणी जास्तीकडून कमीकडे जाते. इथे अडते ते उणे चिन्हापाशी. −०.३ पेक्षा −०.८ मोठे वाटते आणि पाणी उलटे वाहते. सुक्रोजच्या ०.१ मोलर द्रावणाचे २७ अंशांना सुमारे −०.२५ मेगापास्कल, तेवढ्याच मिठाचे दुप्पट, कारण मिठाचे दोन आयन होतात. समुद्राचे पाणी सुमारे −२.५. आता चोडण बेटावरच्या कांदळवनातले झाड पाणी आत ओढते तर त्याच्या मुळांत किती असले पाहिजे? "−२.५ हून कमी" असे उत्तर स्वतःहून आले की पुढचे शिकवायची गरज नाही.

बैठक तिघाचौघांची, फार तर दीड तासाची ठेवा. वाळपईच्या बसकडे लक्ष असलेल्या मुलाला शेवटचा अर्धा तास काही ऐकू येत नाही. पेन्सिल नेहमी शिकणाऱ्याच्या हातात. प्रश्न विचारल्यावर मनात वीसपर्यंत मोजा, तोवर उत्तर पुरवू नका. बरोबर उत्तरालाही "कसे काढलेस?" विचारा, कारण चुकीच्या वाटेनेही बरोबर उत्तर येते. तुम्हाला ठाऊक नसेल तर तसे सांगा, प्रश्न कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांकडे दोघेही जा. आपले जर्नल कुणाला उतरवायला देऊ नका. प्रयोग बिघडला असेल तर त्याची खरीच निरीक्षणे लिहायला लावा, आणि खाली कारणही. बिघडलेल्या स्लाइडचे नेमके कारण लिहिणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत अडत नाही.

आणि आठवड्याने तोच कोरा कागद पुन्हा पुढे ठेवा. लोकर पिशवीतच राहू दे. या वेळी दोन एन बरोबर सहा, मेटाफेज वन. चित्रात तीन जोड्या, सहा बटणे आणि बारा सूत्रे असली पाहिजेत.